टेर्नाचं होकायंत्र

आमच्या धक्क्यावर एक रीत आहे. दुसऱ्याच्या बोटीवर पाय ठेवण्याआधी खालून विचारायचं, "येऊ का वर?" आणि आतून "ये" ऐकू आल्याशिवाय चढायचं नाही. उन्हाळ्यात बोट पाण्यात असते तेव्हा ठीक आहे, पण हिवाळ्यात सुपीरियर सरोवराचा काठ गोठला की बोटी उचलून यार्डात टेकूंवर ठेवतात, पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळतात, तेव्हाही विचारायचं. शिडीखाली बर्फात उभं राहून, नाक गळत असलं तरी विचारायचं. बाहेरून आलेली माणसं हसतात. हसेनात का.

माझा धाकटा भाऊ आर्ने गेला आणि त्याच्या 'टेर्ना' या बोटीच्या बाबतीत पंचाईत झाली. विचारणार कुणाला? पण सवय जात नाही. लोक शिडीखाली थांबून म्हणतात, "आर्ने, येऊ का वर?" मग जरा वाट बघतात. उत्तर येत नाही, मग चढतात. ती मधली शांतता मला सहन होत नसे. मी मुद्दाम खोकत असे.

आर्ने गेला सप्टेंबरच्या शेवटी, धुक्यात. दोन बेटांमधून घरी यायची जी वाट आहे, ती त्याच्या पायाखालची. तिथे उजवा हात धरून आलं की खोल पाणी, डावीकडे पाण्याखाली खडक. टेर्ना सापडली ती त्या खडकावर रुतलेली, शीड वर, सुकाणू मोकळं, आणि आर्ने नाही. बोट ढकलून सोडवायला उतरला असणार. त्या पाण्यात माणसाचे हातपाय किती वेळ चालतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तो सापडला नाही.

टेर्ना ओढून आणली ड्वेनने. यार्डातली क्रेन तोच चालवतो. केबिनमध्ये त्याला ब्रँडीची रिकामी बाटली मिळाली. ब्रँडी इथे कुणाच्या बोटीवर नसते? पण ड्वेनच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की आर्ने प्यायलेला होता. चर्चच्या तळघरात आम्ही त्याच्या नावाची कॉफी द्यायला बसलो, तर माणसं माझ्याकडे बघायची सोडून कपात बघत होती. मला सगळ्यांच्या डोक्यावर किटली उलटी करावीशी वाटली. केली नाही, कारण माझ्यापाशी दुसरं उत्तरही नव्हतं. सगळा जन्म त्या वाटेने जाणारा माणूस शुद्धीत असताना खडकावर कसा जाईल?

जानेवारीत आर्नेची मुलगी सिग्ने माझ्या दारात उभी राहिली. ती डुलूथला दवाखान्यात काम करते. लहानपणापासून बोटीत बसली की ओकायची, म्हणून आर्नेने तिला शिकवायचा नाद सोडला होता. पाठीवर पिशवी, नाक लाल.

"हिल्मा आत्या, मला बोट शिकायचीय."

"तुला? तू तर बादलीभर पाणी बघून हिरवी पडतेस."

"पडेन हिरवी. मे महिन्यात टेर्ना पाण्यात उतरली की मी तिला त्याच वाटेने आणणार. बाबा तिथे कसा चुकला ते मला कळलं पाहिजे. तो प्यायलेला नव्हता, आत्या. त्याने चष्मा लावलेला होता."

हे चष्म्याचं सांगायला हवं. आर्नेला जवळचं दिसेनासं झालं होतं आणि कबूल करायची लाज वाटत होती. होकायंत्रावरचे आकडे तो डोळे बारीक करून वाचायचा. ऑगस्टमध्ये त्याच्या वाढदिवसाला सिग्नेने त्याला चष्मा आणला, आणि त्याच्यासाठी चामड्याचं छान कडक घर, झाकण आपोआप 'टप्' करून मिटणारं. आर्नेला त्या 'टप्'चंच कौतुक जास्त. येईल त्याला उघडून मिटून दाखवायचा. बोट सापडली तेव्हा चष्म्याचं घर जागेवर होतं, आत चष्मा नव्हता. म्हणजे तो नाकावर होता. सिग्ने तेवढ्याला धरून बसली होती. झिंगलेला माणूस चष्मा लावून आकडे बघत बसतो का?

बोट शिकवायचा वर्ग शनिवारी भरतो, माझ्या माळ्यावर, जिथे मी शिडं शिवते. शिकवतो एस्किल. जन्मभर फेरीबोट चालवली, आता गुडघे गेले. तो हातमोजे घालून गाठी मारायला लावतो, मग डोळे मिटून मारायला लावतो, मग बोलता बोलता. नकाशावर पट्टीने रेघ ओढायची, इतका वेग, इतका वेळ, मग आपण कुठे आलो ते बोट ठेवून सांगायचं. सिग्ने आधी भलतीकडेच बोट ठेवायची.

"शाब्बास," एस्किल म्हणायचा, "तू आत्ता पाद्र्याच्या परसात आहेस. कोबी तुडवू नकोस."

ड्वेनही वर्गाला. तो दरवर्षी हाच वर्ग करतो, कारण कॉफी फुकट आणि वेलदोड्याचा पाव माझ्या हातचा. सिग्ने त्याच्याशी बोलत नसे. पावाची ताटली मात्र न बघता त्याच्याकडे सरकवायची. आर्नेचं वळण.

गाठी आणि रेघा झाल्या की एस्किल वर्ग यार्डातल्या एखाद्या बोटीत नेतो. प्लास्टिकच्या आत सगळीकडे सारखा पांढरा उजेड असतो. आकाश नाही, काठ नाही. धुक्यात असंच दिसतं. एकाने सुकाणू धरून होकायंत्रावर नजर ठेवायची, दुसऱ्याने खाली केबिनमध्ये नकाशा घेऊन बसायचं आणि वरच्याला ओरडून दिशा सांगायची. एस्किल मधेच ओरडतो, "धुकं!" की खेळ सुरू. या वर्षी सिग्ने म्हणाली, टेर्ना घ्या.

टेर्नावर होकायंत्र केबिनच्या लाकडी भिंतीत बसवलेलं आहे. तोंड बाहेर, सुकाण्याकडे. पाठ आत. आतून त्या पाठीला लागूनच आर्नेने एक लाकडी कप्पा ठोकला होता, हात घातला की सापडावं म्हणून. त्यात पाइप, काड्या आणि ते चष्म्याचं घर. ड्वेनने बाटली सोडून कशाला हात लावला नव्हता.

पहिल्या दिवशी आम्ही शिडीखाली उभे राहिलो. एस्किलने टोपी काढली. "आर्ने, येऊ का वर?" मी खोकले. चढलो. आत अजून त्याच्या तंबाखूचा वास होता. सिग्ने नकाशा घेऊन खाली गेली, ड्वेन सुकाण्यावर बसला, मी त्याच्या शेजारी.

"धुकं!" एस्किल ओरडला.

आणि होकायंत्र फिरलं.

बोट टेकूंवर होती. टेकू गोठलेल्या जमिनीवर होते. जमीन सुपीरियरच्या काठी, जिथे ती जन्मापासून आहे. तरी काचेतली ती तबकडी सावकाश, तेलातून जावी तशी फिरली आणि थांबली. ड्वेनने सुकाण्यावरचे हात झटकन उचलले.

"मी काही केलं नाही! आईशप्पथ!"

"सुकाणू धर, गाढवा," मी म्हटलं, पण माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

खालून सिग्नेने दिशा सांगितली, खेळ झाला, ती वर यायला निघाली आणि तबकडी तशीच सावकाश परत जागेवर गेली. माझ्या हातावरचे केस उभे राहिले होते. जाड स्वेटरच्या आत ते मला कळत होते.

पुढच्या शनिवारी तेच. "धुकं!" म्हटलं की फिरायचं, खेळ संपला की परत. प्लास्टिकवर वारा थपडा मारत होता आणि बाहेर कुणाच्या तरी डोलकाठीवर दोर टकटक वाजत होता. ड्वेनने त्या दिवशी पावाला हात लावला नाही.

सिग्नेला सांगितलं मीच. तिने आधी ऐकून घेतलं, मग तोंडावर हात ठेवून हसली आणि मग रडायलाच लागली. "बाबा आहे," म्हणाली. "धुकं म्हटलं की मी त्याचं चष्म्याचं घर कप्प्यातून काढून मांडीवर घेते, आत्या. मला भीती वाटते ना. उठताना परत ठेवते, त्याच्या जागेवर. आणि तेव्हाच तो..."

मी भुताखेतावर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण खरं सांगते, मला आनंद झाला. मी दुपारची एकटीच जाऊन टेर्नाच्या शिडीखाली उभी राहायला लागले. पाव न्यायला लागले. सिग्ने तर दोन कप कॉफी घेऊन केबिनमध्ये बसायची आणि बापाला आठवडाभराचं सांगायची. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. गाठी पटापट यायला लागल्या. आता तिचं बोट नकाशावर नेमकं पडायचं.

एस्किल मात्र गप्प गप्प झाला. एका शनिवारी सगळे गेल्यावर तो माळ्यावर रेंगाळला. टेबलावर शिकवायचं छोटं होकायंत्र होतं. त्याने माझी शिडं कापायची कात्री उचलली आणि हळूच त्याच्या शेजारी आणली. सुई फिरली. कात्री नेली, सुई परत गेली. हा त्याचा दरवर्षीचा धडा. होकायंत्राजवळ लोखंड नको, चुंबक तर नकोच नको. आम्ही त्याला कात्रीचा धडा म्हणतो. या वर्षी तो झाला नव्हता.

"टेर्ना शेडच्या भिंतीला समांतर उभी आहे," तो म्हणाला, "आणि भिंत उत्तर-दक्षिण आहे. होकायंत्र चुकीचं दाखवतंय हे मला पहिल्या दिवशीच दिसलं. मला वाटलं, टेकू लोखंडाचे आहेत म्हणून. पण पोरीने ते घर मांडीवर घेतलं की ते बरोबर दाखवतं, हिल्मा. परत ठेवलं की चुकतं."

मला कळायला वेळ लागला. मग ते टप् आठवलं. आपोआप मिटणारं झाकण. कशाने मिटतं ते आपोआप?

"झाकणात चुंबक आहे," एस्किल म्हणाला. "चांगला जोरकस. आणि त्याने ते बरोबर होकायंत्राच्या पाठीला ठेवलं होतं. उजेडात त्याला काय फरक पडणार? उजेडात तो बेटं बघून चालवायचा. धुक्यात चष्मा लावला आणि आकड्यांवर विश्वास ठेवला."

मी खुर्चीत बसले. भावाचं नाव स्वच्छ होणार होतं. गावाच्या तोंडावर फेकायला उत्तर मिळालं होतं. आणि ते उत्तर रंगीत कागदात गुंडाळून, वरून फीत लावून आणलं होतं आमच्या सिग्नेने.

"तोंड उघडलंस ना, एस्किल, तर याच कात्रीने जीभ कापीन."

"मे महिन्यात ती त्या वाटेने जाणार आहे. ते घर त्याच कप्प्यात ठेवून."

"मी बघते काय ते."

"आणि आर्ने? तो गावाच्या लेखी दारूडाच राहणार?"

"आर्ने मेलाय," मी म्हटलं. "पोरगी जिवंत आहे."

एस्किल टोपी घालून गेला. आर्नेची मी माफी मागितली, मोठ्याने, आणि तो कुठे ऐकत होता की नाही हे आता मला माहीत नव्हतं. ते सगळ्यात वाईट होतं. शिडीखाली नेलेला पाव मी कुणासाठी नेत होते? माझा भाऊ माझ्यासाठी दुसऱ्यांदा गेला.

मी शिडाच्या कापडाचं चष्म्याचं घर शिवलं. दुहेरी शिवण, कडेला दोर, मिटायला लाकडी बटण. मे महिना येईपर्यंत जुनं हळूच काढून घ्यायचं असा माझा बेत. पुढच्या शनिवारी वर्गाआधी मी ते सिग्नेच्या हातात दिलं.

"चामडं ओल धरतं. बाबाच्या बोटीत हे ठेव. ते घरी राहू दे, जपून."

तिने ते उलटंसुलटं केलं. "किती सुंदर शिवलंयस." मग बटणावर अंगठा फिरवला. "लाकडी का? तू तर सगळीकडे दाबायची बटणं लावतेस."

"गंजतात."

"पितळेची गंजत नाहीत, आत्या."

तेवढ्यात ड्वेन पाव चघळत आला आणि त्याने तोंड उघडलं, जे त्याने जन्मात कधी योग्य वेळी उघडलेलं नाही. "काय एस्किल, यंदा कात्रीचा धडा नाही का? मला तेवढा एकच तर येतो!"

"पुढच्या वर्षी," एस्किल म्हणाला.

"म्हणजे? दरवर्षी—"

"पुढच्या वर्षी म्हटलं ना!"

एस्किल आवाज चढवत नाही. सिग्नेने त्याच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या होकायंत्राकडे, मग माझ्या कात्रीकडे. मग हातातल्या लाकडी बटणाकडे. मी तिला विचारणार होते, कॉफी हवी का. तिने कोट घेतला आणि ती जिना उतरून गेली. खिडकीतून मला ती यार्डातून चालताना दिसली, धावत नव्हती. टेर्नाच्या शिडीखाली ती थांबली. बराच वेळ थांबली. मग वर चढली आणि प्लास्टिकच्या आत दिसेनाशी झाली.

"गेली," मी म्हटलं.

एस्किल म्हणाला, "शिकवलंय आपण तिला. आता काय करायचं?"

ती परत आली ती एक शनिवार सोडून पुढच्या शनिवारी. मधल्या दिवसांत फोन उचलला नाही, मी डुलूथला जाऊन दार वाजवलं तर उघडलं नाही. आली तेव्हा डोळ्यांखालची वर्तुळं परत होती, पण आवाज कोरडा होता.

"आज वर्ग टेर्नावर," ती म्हणाली. "ड्वेन, तू सुकाण्यावर बस. एस्किल काका, तुम्ही काही बोलू नका. आत्या, तूही खोकू नकोस."

आम्ही चढलो. ती नकाशा घेऊन खाली गेली.

"धुकं!" हे तीच ओरडली, आतून. "ड्वेन, आकडा वाच."

ड्वेनने वाचला. तबकडी फिरली.

"आता?"

त्याने वाचला.

"आता?" तबकडी परत गेली. "आता?" परत फिरली. आतून आवाज येत होता, टप्. प्रत्येक वेळी टप्.

मग ती वर आली. एका हातात चामड्याचं घर, दुसऱ्या हातात नकाशा. नकाशा तिने ड्वेनच्या मांडीवर पसरला.

"ही बाबाची वाट. नेहमीची. आणि हे घर कप्प्यात असताना होकायंत्र जे दाखवतं, ते तंतोतंत पाळलं तर ही रेघ. बघ कुठे जाते."

ड्वेनने बघितलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं. रेघ खडकावर जात होती. एस्किलने शिकवली होती तशी स्वच्छ, बारीक रेघ.

"बाटलीत काय होतं मला माहीत नाही," सिग्ने म्हणाली. "घोटभर घेतलीही असेल. पण त्याने सुकाणू बरोबर धरलं होतं. होकायंत्राने सांगितलं तिथेच तो गेला. चुकलं ते हे. आणि हे मी त्याला दिलं. आता जा, ड्वेन, आणि सांग गावाला. जसं तेव्हा सांगितलंस तसं. सगळं सांग, हेही."

"सिग्ने," मी म्हटलं, "बाळा, याची काही गरज—"

"तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू मला लाकडी बटण दिलंस." तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा वाकडा झाला. मी तिला ओढून घेतलं. ती माझ्या खांद्यात तोंड खुपसून ओरडली, रडली म्हणता येणार नाही, ओरडलीच. "आकडे दिसावेत म्हणून दिला होता गं! त्याला दिसावेत म्हणून!"

ड्वेन नकाशा मांडीवर घेऊन तसाच बसला होता. म्हणाला, "बाटली कपाटात होती. मागे, दोरांच्या खाली. समोर नव्हती." मग कुणी काही विचारलेलं नसताना परत म्हणाला, "समोर नव्हती ती."

त्याने गावाला सांगितलं. न्याहारीच्या हॉटेलात उभं राहून, मोठ्याने, बाटली कुठे होती तेही. आर्नेचं नाव आता लोक नीट घेतात. आता ते सिग्ने आली की कपात बघतात. मला पुन्हा किटली उचलावीशी वाटते. सिग्ने मात्र त्यांच्यासमोर बसून आपली न्याहारी संपवते.

मार्चमधल्या शेवटच्या शनिवारी टेर्नावरचं प्लास्टिक सैल झालं होतं, वितळलेल्या बर्फाचं पाणी कडेने ठिबकत होतं. सिग्ने आधीच वर जाऊन बसली होती. केबिनमधला कप्पा तिने उखडून काढला होता. आम्ही शिडीखाली जमलो. सगळ्यांच्या पुढे ड्वेन, टोपी हातात.

"आर्ने, येऊ का वर?"

आम्ही थांबलो, नेहमी थांबतो तेवढं. मला खोकला आला, मी दाबला. वरती पाणी ठिबकत होतं.

"ये," सिग्नेचा आवाज आला.

ड्वेन चढला, मग एस्किल, मग मी. सुकाण्यावर तीच होती. वर पोचल्यावर मी पहिल्यांदा होकायंत्राकडे बघितलं. एस्किल ओरडला, "धुकं!" आणि मी त्या काचेवरून नजर काढली नाही. एकदा तरी हलावं, एवढंच मी मागत होते. ते हललं नाही. बरोबर दाखवत होतं.